पाचशे शब्दांत मण्यार

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आपत्कालीन उपचारांवर मराठीत छोटे ऑनलाइन लेख लिहावेत, कुणी मसुदा पाठवला तर मी वाचेन. परिणाम असा की या महिन्यात थायरॉइड, गुडघेदुखी आणि बीपीच्या गोळ्या मागे पडल्या आणि टपाल सगळं याच विषयाचं आलं. नेहमीच्या मंडळींनी राग मानू नये, पुढचा अंक तुमचाच.

प्रश्न : डॉक्टर, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही काही मैत्रिणींनी आपत्कालीन वैद्यकावर पाचशे-पाचशे शब्दांचे लेख लिहायचं ठरवलंय. पहिला सर्पदंशावर लिहिला, सोबत जोडला आहे. आमचे सर तो वाचून ‘पुस्तक वाचलेलं दिसतंय’ एवढंच म्हणाले. हे कौतुक की टोमणा? लेखात काय कमी आहे?
— एक विद्यार्थिनी, आडगाव

उत्तर : टोमणाच आहे, पण प्रेमाचा. तुझा लेख वाचला. पहिल्या परिच्छेदात जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातल्याची माहिती आहे. दुसऱ्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची लॅटिन नावं. तिसऱ्यात विषाचे प्रकार. उपचार सुरू होतात तेव्हा तुझे साडेतीनशे शब्द खर्ची पडलेले असतात. हा लेख परीक्षकासाठी लिहिलाय, आणि परीक्षक काही रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभा नसतो.

कोण उभा असतो ते सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ किंवा सुरगाण्याकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच रुजू झालेला, तुझ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा डॉक्टर. पावसाळ्यातली पहाट, लाइट गेलेली. समोर विशीतला पोरगा, पोट दुखतंय म्हणून आणलेला. रात्री घरात जमिनीवर झोपला होता. चावल्याचं कुणी काही बोलत नाही. सूज नाही, खूण नाही. डॉक्टर ॲसिडिटीचं इंजेक्शन भरायला घेतो. तुझा लेख त्याने आदल्या आठवड्यात वाचलेला असेल, तर त्याचा हात तिथे थांबला पाहिजे.

म्हणून या लेखात फक्त मण्यार घे. बाकीच्या तिघांना त्यांचे त्यांचे लेख मिळतील. मण्यार रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक असतात, दंश बहुतेक वेळा दुखत नाही आणि सुजतही नाही. मग पहाटे पोटात कळ, उलटी, गिळायला त्रास, आणि पापण्या जड. तुझ्या लेखाचं पहिलं वाक्य असं काही असू दे : पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर पोट तपासण्याआधी त्याच्या पापण्या बघा. त्याला वर बघायला सांगा आणि तसंच बघत राहायला सांगा. पापणी हळूहळू खाली येते का? उशीवरून मान उचलता येते का? एका श्वासात किती आकडे मोजतो? याला यंत्र लागत नाही, लाइटही लागत नाही, मोबाइलची बॅटरी पुरते.

आता चाचणीचं. तू वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नीट लिहिली आहेस : २ मिली रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, २० मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. नळी प्लास्टिकची असेल तर निकालावर विश्वास ठेवायचा नाही, हेही त्यात घाल, कारण नव्या केंद्रांत काचेची नळी शोधावी लागते. पण पुढे तू लिहितेस, ‘रक्त गोठलं नाही तर विषबाधा, गोठलं तर फक्त निरीक्षण’. या एका वाक्याने मण्यारीचा रुग्ण हातचा जाईल. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर काम करतं. रक्त अगदी व्यवस्थित गोठतं आणि रुग्णाचा श्वास बंद पडत जातो.

तुझ्या मसुद्यात श्वासाबद्दल अर्धी ओळ आहे, तिथे मला पूर्ण परिच्छेद हवा. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरची लस, द्यायचीच, आणि मूल लहान म्हणून डोस कमी करायचा नाही, कारण सापाने विष सोडताना वजन पाहिलेलं नसतं. पण नसांच्या टोकांना इजा होऊन गेली असेल तर एएसव्हीच्या बाटल्या चढवल्या म्हणून पापण्या लगेच उघडत नाहीत. अशा वेळी जीव वाचतो तो अंबू बॅग, म्हणजे तोंडावर धरून श्वास द्यायची पिशवी, दाबणाऱ्या हातामुळे. सुरगाण्याहून नाशिकपर्यंतच्या रस्त्यात ती बॅग कोण दाबणार, हे गाडी निघण्याआधी ठरलं पाहिजे. पूर्ण लुळा पडलेला, बाहुल्या फाकलेल्या, चिमटा काढला तरी न हलणारा रुग्ण गेल्यासारखा दिसतो. तो सगळं ऐकत असू शकतो. अशी माणसं व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून पायी घरी गेलेली आहेत. नव्या डॉक्टरला हे कुणी आधी सांगितलेलं नसेल तर तो बॅग खाली ठेवेल. पाचशेपैकी ऐंशी शब्द याला दे, जागतिक आरोग्य संघटना रागावणार नाही.

लिहून झालं की एखाद्या इंटर्नला वाचायला दे. वाचून झाल्यावर फोन काढून घे आणि विचार, असा पेशंट आला तर पहिलं काय करशील? तो तुझ्या लेखातलं उत्तर देत असेल तर लेख तयार आहे. ‘छान लिहिलंय’ म्हणाला तर अजून काम बाकी आहे.

पुढे विंचवावर लिहाल तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं काम आधी वाचा. विंचूदंशाने माणसं का दगावतात, हे त्यांनी कोकणात रुग्णाशेजारी बसून, नाडी आणि रक्तदाब टिपत शोधलं, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी तिथे उपयोगी पडते हे दाखवलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या टिपणांत शब्द थोडे आणि बघणं भरपूर, तुम्हाला शिकायचंय ते हेच.

प्रश्न : मुलगा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात आहे. संध्याकाळी अभ्यास सोडून मोबाइलवर ‘लेख’ लिहीत बसतो. पॅथॉलॉजीत मार्क कमी आहेत. याने काही फायदा होतो का, की नाद सोडायला सांगू?
— एक वडील, सिडको

उत्तर : पॅथॉलॉजीत मार्क कमी असणं ही लेखांच्या आधीपासूनची परंपरा आहे, मुलावर घालू नका. महिन्याला एक लेख, तोही त्या महिन्यात जो विषय शिकवला जातोय त्यावरच, एवढी अट घाला. हृदयविकाराच्या झटक्यावर पाचशे शब्द लिहायचे तर गुठळी कशी होते हे पॅथॉलॉजीतून काढावंच लागतं. आठवड्याला तीन लेख पाडत असेल तर मात्र कान धरा. तो लिहीत नाहीये, टाइप करतोय.

प्रश्न : मी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. विद्यार्थी असे लेख तपासायला आणतात. ड्यूटी, ओपीडी आणि एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) कागदपत्रं यांतून वेळ मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. ‘तपासणारे’ म्हणून माझं नाव गेलं आणि चूक निघाली तर? त्यापेक्षा नकोच म्हणावं का?
— नाव न छापण्याच्या अटीवर, नाशिक

उत्तर : सर, तुम्ही नको म्हटलं तरी मुलं लिहिणारच आहेत. फरक एवढाच पडेल की ते लेख कुणीही न वाचता बाहेर जातील. त्यामुळे प्रश्न वेळेचा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.

मोफत आणि खुल्या ऑनलाइन शिक्षणाची लाट वैद्यकात आधी उसळली ती आपत्कालीन विभागांतच. २०१२ मध्ये डब्लिनला या विषयाच्या जागतिक परिषदेच्या सुमारास ऑस्ट्रेलियातले डॉ. माइक कॅडोगन यांनी तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून फोम, म्हणजे फेस, हे नाव दिलं, तेही म्हणे एका पबमध्ये, समोरच्या ग्लासातला फेस बघून. याच शाखेत का, याचं कारण तुम्ही ड्यूटीवर रोज बघता. पाळ्या वेड्यावाकड्या, एकत्र बसून शिकायला वेळ नाही, पुढचा पेशंट काय घेऊन येईल याचा नेम नाही. आपल्याकडे तर ही शाखा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाली २००९ मध्ये. शिकवणारे कमी आणि शिकू पाहणारे पुष्कळ, म्हणून मुलं मोबाइलकडे वळली.

कॅनडात विद्यार्थ्यांच्या अशा लेखांसाठी एक पद्धत वापरली गेली, ती मला फार पटते. तपासणारा पास-नापास ठरवत नाही, लेखकाच्या शेजारी बसतो. समासात प्रश्न लिहितो, वाक्य स्वतः बदलत नाही. तपासणाऱ्याचं नाव लेखाखाली उघड असतं. गुपचूप तपासणाऱ्याला निष्काळजीपणा परवडतो, नाव लावणारा दोनदा वाचतो. तुमची भीतीच इथे कामाची आहे, ती घालवू नका.

वेळ कुठे घालवायचा तेही सांगते. भाषा सोडून द्या, शुद्धलेखनाला घरात आजोबा असतात. तुम्ही फक्त डोस, मार्ग आणि ‘कधी करू नये’ एवढंच बघा. मागच्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात तीव्र ॲलर्जीसाठी ‘ॲड्रेनॅलिन १ मिग्रॅ शिरेतून’ असं होतं. पोराने हृदय बंद पडल्यावरचा डोस उचलून ॲलर्जीत बसवला. मोठ्या माणसाला ॲनाफिलॅक्सिसमध्ये ०.५ मिग्रॅ, म्हणजे आपल्याकडच्या १ मिग्रॅच्या अँप्युलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. शिरेत १ मिग्रॅ गेलं तर धडधाकट हृदयही बिघडेल. बाकीचा लेख सुरेख होता, उपमा वगैरे होत्या. अशा लेखाचीच जास्त भीती, कारण तो लोक विश्वासाने वाचतात.

आणखी एक शिस्त लावून घ्या. प्रत्येक लेखावर शेवटचं कधी तपासलं ती तारीख, आणि नंतर काही दुरुस्त केलं तर काय दुरुस्त केलं ते तिथेच दिसलं पाहिजे. गुपचूप बदललेला डोस सगळ्यात वाईट, कारण जुना वाचून गेलेल्याला कळतच नाही. अर्थात चूक निघाली तरी विद्यार्थ्याला चारचौघांत फाडायचं नाही. एकदा फाडलं की तो पुढचा लेख तुमच्याकडे आणत नाही, थेट टाकून मोकळा होतो.

प्रश्न : मॅडम, आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. दरवर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर मजूर डॉर्मेक्सची पेस्ट लावतात. संध्याकाळी कुणी थोडी घेतली की तोंड लालबुंद, छाती धडधडते, माणूस घाबरून जातो. मागे एकाला हार्ट अटॅक म्हणून नाशिकला हलवला होता. यावर कुणी मराठीत लिहीत का नाही? तुमच्या पोरांना सांगा की.
— एक बागायतदार

उत्तर : भाऊ, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. जगभरच्या लेखांत झटका, पक्षाघात, अपघात यांवर ढिगाने मिळेल. पण छाटणीनंतरच्या संध्याकाळी दिंडोरी-निफाडच्या दवाखान्यात काय येतं, हे नाशिकच्या मुलांशिवाय कोण लिहिणार?

वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावता ते डॉर्मेक्समधलं रसायन हायड्रोजन सायनामाइड. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग एक एन्झाइम त्याचीही विल्हेवाट लावतं. हे रसायन नेमकं त्या एन्झाइमला अडवतं. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं : चेहरा आणि मान लाल, डोकं ठणकतं, धडधड, उलटी, धाप, रक्तदाब खाली. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी देतात, ती घेऊन वर प्यायलं तर असंच होतं. नेमका उतारा नाही. आडवं झोपवणं, सलाइन, ऑक्सिजन लागला तर ऑक्सिजन, आणि देखरेख. ईसीजी मात्र काढायचाच. तुमच्या त्या माणसाला नाशिकला हलवलं ते योग्यच झालं. लाल तोंड म्हणजे पेस्टच, असं गृहीत धरून पन्नाशीतल्या माणसाच्या छातीकडे दुर्लक्ष करणं महागात पडेल.

एक प्याला घेतला तरी हे होतं, आणि पेस्ट लावण्याआधी तसंच लावून झाल्यावरही काही दिवस धोका राहतो. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, हे मजुरांना माहीत नसतं. हातमोजे फाटके असतील तर कातडीही भाजते. काम झालं की साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे.

आता विद्यार्थ्यांसाठी. हा लेख लिहिणाऱ्याने आधी एक दिवस बागेत जायचं. पेस्ट कशाने लावतात, हातमोजे कुणाला मिळतात, मजुरी रोज मिळते की आठवड्याने, कारण दारू त्याच दिवशी येते. लेखात एक फरक ठळक हवा, कारण डॉक्टर गोंधळतो तो इथेच. त्याच बागेत फवारणीच्या औषधाचीही विषबाधा होते. ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ, अंगाला घाम, छातीत घरघर. त्याला ॲट्रोपिन लागतं, तेही छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाढवत. पेस्टवाल्याला ॲट्रोपिनची गरज नाही, आधीच धडधडणाऱ्या हृदयाला ते आणखी पळवेल. चेहरा, बाहुल्या, तोंड, या तीन जागा बघून दोघांना वेगळं करता येतं. लेख इतकाच पुरे.

आणि लेख सप्टेंबरमध्ये बाहेर आला पाहिजे. डिसेंबरात आला तर तो फक्त प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये शोभेल. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांपैकी बरेच जण वाचणार नाहीत, त्यांच्यासाठी तोच मजकूर दीड मिनिटाच्या आवाजी संदेशात बोलून पाठवा. मुकादमाच्या फोनवर तो फिरतो.

प्रश्न : मी इंटर्न आहे. आमच्याकडे प्रेस मशीनमध्ये हात चिरडलेला कामगार आला होता. मी जखमेचा फोटो आणि एक्स-रे घेतला, चेहरा दिसत नाही. त्यावर छोटा शैक्षणिक लेख लिहायचा आहे. चेहरा नसल्यावर परवानगी लागते का? आणि लेखाखाली नावाआधी ‘डॉ.’ लावू का?
— इंटर्न, नाशिक

उत्तर : २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट आहे : ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा हकिकत त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही. तुम्हाला वाटतं चेहरा नाही म्हणजे ओळख नाही. पण अंबड-सातपूरच्या वसाहतीत अमुक तारखेला प्रेसमध्ये हात गेलेला माणूस एकच असतो. मनगटावर गोंदलेलं नाव असेल तर विषयच संपला. युनियनवाल्यांना, मालकाला, शेजाऱ्याला दोन मिनिटांत कळेल. शिवाय अशा प्रकरणाची एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, झालेली असते, भरपाईचा दावा चालू असतो. तुमचं एखादं वाक्य वकिलाच्या हाती लागेल.

परवानगी घ्या, पण ती जखमी माणूस वेदनेत असताना नको, आणि नातेवाइकाला फॉर्मवर सही करायला लावूनही नको. तो सावरला की स्वतः त्याच्यापुढे फोटो धरून सांगा, हा मी डॉक्टरांना शिकवण्यासाठी ऑनलाइन टाकणार आहे, नंतर परत घेता येईलच असं नाही. तो नाही म्हणाला तर हात हलवत निघून यायचं. खरं तर तुमच्या लेखाला त्या फोटोची फारशी गरज नाही. चिरडलेल्या हातात आतून वाढणारा दाब कसा ओळखावा, बोट हळूच सरळ करताना कळवळणं का महत्त्वाचं, नाडी लागते म्हणून निर्धास्त का राहू नये, हे शब्दांत लिहा. फोटो बघून लोक ‘बापरे’ म्हणतात आणि पुढे जातात.

‘डॉ.’चं म्हणाल तर इंटर्नशिप संपून कायमची नोंदणी होईपर्यंत थांबा. ‘इंटर्न’ लिहा. वाचणाऱ्याला तुम्ही कुठे उभे आहात ते कळायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं आत्ताच ‘डॉ.’ लावून लेख टाकतात, ते मला बघवत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर रोज वैद्यकीय लेख येतात. हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकायचं, पॅरालिसिस झाला तर बोटांना सुई टोचायची वगैरे. विद्यार्थ्यांचे लेखही त्यातच येणार. आम्ही खरं-खोटं कसं ओळखायचं?
— एक गृहिणी, गंगापूर रोड

उत्तर : तुम्ही लिहिलेली दोन्ही उदाहरणं साफ खोटी आहेत आणि वर्षानुवर्षं फिरताहेत. हृदय बंद पडलेला माणूस बेशुद्ध असतो, तो खोकणार कसा? आणि शुद्धीत असून छातीत दुखतंय, तर खोकण्यात मिनिटं घालवण्यापेक्षा १०८ ला फोन. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. पक्षाघाताच्या रुग्णाची गुठळी विरघळवण्याचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं. सुया शोधण्यात त्यातला अर्धा तास गेला तर त्याची किंमत रुग्णाच्या उजव्या हाताने मोजावी लागते.

लेख हातात आला की आधी खाली बघा. लिहिणारा कोण, तपासणारा कोण, तारीख कोणती? हे नसेल तर वर वाचूच नका. मग बघा, ‘दवाखान्यात कधी जायचं’ हे लिहिलंय का? चांगला आपत्कालीन लेख तुम्हाला दाराबाहेर काढतो, वाईट लेख स्वयंपाकघरात पाठवतो. चुलत सासऱ्यांनी पाठवलाय हा पुरावा धरू नये. सांगणं अवघड जातं, मला कल्पना आहे.

प्रश्न : आम्ही वेगवेगळ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी मिळून २०२७ च्या सिंहस्थासाठी आपत्कालीन विषयांवर छोट्या लेखांची मालिका करतोय. पन्नास विषयांची यादी केली आहे. कुठून सुरुवात करावी?
— विद्यार्थी गट, म्हसरूळ

उत्तर : यादीतले चाळीस विषय खोडण्यापासून. मला पाठवलेल्या यादीत डेंगी, काविळीचे प्रकार आणि ‘ताणतणाव व्यवस्थापन’ आहे. त्यासाठी आरोग्य विभाग आहे. तुमचा वाचक रामकुंडाकडच्या एखाद्या वळणावर दोरी धरून उभा असलेला एनसीसीचा मुलगा किंवा सेवा द्यायला आलेली काकू. हातात फोन आहे, रेंज नसेल. म्हणजे लेख आधीच उतरवून ठेवता यायला हवा आणि चित्रावरून समजायला हवा. यात्रेकरू हिंदी, गुजराती, तेलुगू, काहीही बोलतील.

पहिला लेख गर्दीवर करा. २७ ऑगस्ट २००३ ला इथेच चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पंचवटीतल्या जुन्या लोकांना आजही तो दिवस सांगवत नाही. लोक समजतात की माणसं तुडवली जाऊन मरतात. अशा गर्दीत बहुतेक मृत्यू श्वास कोंडून होतात; चहूबाजूंनी दाब येतो, छाती फुगायला जागाच राहत नाही, उभ्या-उभ्या माणूस जातो. म्हणून सांगायचं ते असं : दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे धरा, छातीपुढे वीतभर जागा राखा. ढकलणाऱ्याला उलट ढकलू नका, लाटेबरोबर तिरके कडेला सरका. काही खाली पडलं तर वाकू नका. स्वयंसेवकासाठी वेगळी ओळ : आतून बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर रक्त शोधत बसू नका, सीपीआर सुरू करा. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

दुसरा बुडालेल्यांवर. गोदाकाठी अजूनही बुडालेल्याला उलटं टांगतात, पोट दाबून पाणी काढतात. त्यात वेळ जातो आणि पोटातलं सगळं श्वासनलिकेत येतं. बुडालेल्याला कमी पडलेली असते ती हवा, म्हणून तिथे आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि मग छाती दाबायची. नुसती छाती दाबणं जमत असेल तर तेवढं तरी करा.

तिसरा विषय तुमच्या यादीत नाहीच, तो मी घालते : उपवास आणि मधुमेह. पहाटे स्नान म्हणून पोटात अन्न नाही, पण मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली. रक्तातली साखर उतरल्याने घाटावर घामाघूम होऊन, बडबडत खाली बसलेला साठीचा माणूस बघून लोक म्हणतात अंगात आलं. शुद्धीत असून गिळता येत असेल तर साखरेचं पाणी, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. गंगाजलसुद्धा नाही, हे लिहाच, कारण तेच आधी घालतात.

एवढे तीन नीट झाले की बाकीचे सुचतील. जुलै २०२७ मध्ये मालिका सुरू करू नका, तोपर्यंत स्वयंसेवकांचं प्रशिक्षण उरकलेलं असेल. मसुदा माझ्याकडे पाठवण्याआधी रामकुंडावरच्या जीवरक्षकांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे हसतील ती ओळ काढा, आणि जिथे ‘असं नसतं ताई’ म्हणतील तिथे वही उघडून त्यांच्याशेजारी बसा. मग मला पाठवा.